काशीदादांचा आतला

आमच्या भिसेगावात काशीदादा गायकवाडांशी भांडायचं असेल तर हाताशी मोकळा वेळ लागतो. कारण दादा लगेच भांडत नाहीत. समोरच्यानं वाकडा शब्द काढला की ते तळहात वर करून म्हणतात, "थांब. हितंच थांब. आतल्याला कळवून येतो." मग दोन्ही हात जोरजोरात हलवत, परेडला निघाल्यासारखे, पिठाच्या गिरणीपर्यंत चालत जातात आणि तसेच परत येतात. आल्यावर छातीवर हात ठेवून जरा अंदाज घेतात आणि म्हणतात, "हां. आता बोल. काय म्हनत हुतास?"

तोवर समोरचा माणूस बहुतेक निघून गेलेला असतो. जो थांबतो त्याला आपण कशावरून तापलो होतो तेच आठवत नाही. एकदा दारात मोटारसायकल लावण्यावरून एकाशी त्यांचं जुंपलं. दादा कळवून परत आले तेव्हा तो बिचारा गाडी हलवून, आमच्याकडे पाणी मागून पीत बसला होता. इतक्या लांबून आणलेला राग फुकट जाऊ नये म्हणून दादांनी तो माझ्यावर काढला. मी पाणी दिलंच का, यावरून.

मी त्यांची शेजारीण. नोकरीभर सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे दादांच्या छातीतल्या यंत्राविषयी गल्लीत कुणाला शंका आली की ती माझ्या दारात येते. सगळ्यांत जास्त शंका खुद्द दादांनाच असतात. मला विज्ञान कळतं असा माझा जो समज होता, तो या शेजारापायी पार ढिला झाला आहे.

दादा साजगावच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना चकरा यायला लागल्या. चार पावलं चाललं की दम, जिना चढला की डोळ्यांपुढे अंधार. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हृदयाचे ठोके फार सावकाश पडतात आणि चालायला लागलं तरी वाढत नाहीत. मग त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकरची छोटी डबी बसली. डॉक्टरीणबाई तरुण आणि समजुतीच्या. त्यांनी दादांना मराठीतच सांगितलं, "काका, हा साधा पेसमेकर नाही. तुम्ही चालायला लागलात की याला आपोआप कळतं आणि तो रेट वाढवतो. बसलात की परत कमी करतो."

दादा घरी आले ते अंथरुणाला खिळले. उठायलाच तयार होईनात. शेवटी त्यांच्या पत्नी, शेवंतावहिनी, मला बोलवायला आल्या. मी जाऊन विचारलं तर दादा छताकडे बघत कुजबुजले, "बाई, ह्याला रिक्षासारखा मीटर हाय. चाललं की रेट वाढतो. डाक्टरीनच म्हनली."

रेट म्हणजे भाव नव्हे, ठोक्यांचा वेग, हे समजावताना माझा घसा बसला. मग मात्र दादा उठले, आणि उठले ते प्रश्न विचारत. त्याला कळतं म्हणजे कसं कळतं? पुढच्या तपासणीला मी सोबत गेले आणि ते विचारून घेतलं. डबीत एक बारीकसा भाग असतो, तो शरीराची हालचाल ओळखतो. अंग हललं की माणूस चालतोय असं तो धरतो आणि ठोके वाढवतो. येताना गाडीत मी दादांना एका वाक्यात सांगून टाकलं, "दादा, त्याला हालचाल कळते. मन कळत नाही."

कर्जत आलं तसे दादा म्हणाले, "मंग राग आला तर?"

"राग आला आणि तुम्ही खुर्चीत बसून असाल, तर त्याला नाही कळणार."

"आन् भ्या वाटलं तर?"

"पळालात तर कळेल."

दादांना यात काहीच वावगं वाटलं नाही. कारखान्यात वरच्या मजल्यावरच्या साहेबाला खाली काय पेटलंय ते कधीच कळत नसे. कुणीतरी जिना चढून सांगावं लागे. हाही तसलाच साहेब. त्या दिवसापासून डबीचं नाव ‘आतला’ पडलं आणि दादा त्याला एकेक गोष्ट कळवू लागले. क्रिकेटचा अटीतटीचा सामना लागला, सगळी गल्ली आमच्या टीव्हीसमोर श्वास रोखून बसली, की दादा टीव्हीच्या पुढ्यात जागच्या जागी पळायला लागत. "तुमच्या समद्यांची छाती धडधडतीय. माजीच का म्हून झोपलीय? मी काय सामना बगत नाय?" शेवटची षटकं आम्ही सगळ्यांनी दादांच्या बगलेतून पाहिली.

शेवंतावहिनी या प्रकाराला हसत. त्यांची जीभ फार तिखट होती. "मला बगून ह्यांचं काळीज कदी हाललं हुतं गं बाई," त्या मला म्हणायच्या, "आन् आता मिशिनीला बोल लावत्यात." दादा ताट घेऊन बसले की त्या मुद्दाम विचारायच्या, "आतल्याला कळवलंत का, भाकर ज्वारीची हाय म्हून?" दादा गंभीरपणे मान हलवायचे. जेवणाचं कळवावं लागत नाही, असा त्यांचा निर्णय झाला होता.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. काही आजारपण नाही, तक्रार नाही. सकाळी उठल्याच नाहीत.

दिवसभर घर माणसांनी भरलेलं होतं. दादा खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मुलगा पुण्याहून आला, गळ्यात पडून रडला, तरी ते तसेच. वहिनींच्या माहेरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. टिपूस नाही डोळ्यांत, असं कुणीतरी म्हणालंही. सगळं आटोपून आल्यावर संध्याकाळी दादांनी मला दारात गाठलं.

"बाई, माज्या छातीत काय झालंच नाय," ते म्हणाले. "शेवंता गेली, आन् हितं घड्याळावानी टिक टिक चाललंय. मानसाचं काळीज फाटतं म्हंत्यात. माजं जागचं हाललं नाय."

"दादा, तुम्ही बसून होतात. त्याला कसं कळणार?"

"त्याला नाय कळलं त्ये ऱ्हाऊ द्या वो. मला तरी कळलं का? मला काय वाटलंच नाय का काय?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखं नसणार. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. छाती धडधडली तरच दुःख झालं असं काही नसतं, हे मला ठाऊक होतं. पण धडधड बाजूला काढली तर दुःख कुठे शोधायचं, हे मी कुठल्या इयत्तेला शिकवलं होतं?

तेव्हापासून दादांना एकच घोर लागला. आपल्याला आता काही वाटतं की नाही? ते भांडत राहिले, गिरणीपर्यंत जाऊन येत राहिले, पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. तपासून बघितल्यासारखे भांडायचे.

आणि मग तो गिरणीचा प्रसंग झाला. एका दुपारी दादा घामाघूम होऊन माझ्याकडे आले. "बाई, दार लावा," म्हणाले. मी लावलं नाही, कारण गल्लीला एवढं पुरतं. ते खुर्चीत बसले आणि तोंड झाकून म्हणाले, "माजी नियत फिरली."

गव्हाचा डबा घेऊन ते गिरणीवर गेले होते. नंबर यायचा होता म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले. समोर गिरणीवाल्या मावशी. आणि अचानक दादांची छाती धडधडायला लागली. चालले नव्हते, पळाले नव्हते, नुसते मावशींच्या समोर उभे होते. मावशी आम्हा दोघांपेक्षा वयानं मोठ्या, आणि आयुष्यभर त्यांचा चेहरा पिठाखालून कुणाला नीट दिसलेला नाही. "शेवंताला जाऊन वरीस नाय झालं," दादा म्हणाले. "तिच्यासाटी हाललं नाय, आन् हितं पळाया लागलं. मी कसला मानूस हाय वो?"

त्यांना हसावं की त्यांच्याबरोबर रडावं ते मला कळेना. शेवटी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारू. पनवेलला जाऊन मी सगळं सांगितलं, नियत तेवढी वगळून. त्या हसल्याच. "काका, तुम्ही ज्या भिंतीला टेकलात ती गिरणी चालताना थरथरत असणार. त्या थरथरीला यानं चालणं समजलं. काहींना खराब रस्त्यावर रिक्षात बसलं तरी असं होतं." आणि मग त्या म्हणाल्या, "त्रास होत असेल तर मी याचं हालचाल ओळखणं जरा कमी करून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

दादांनी दोन्ही हातांनी छाती झाकली. "नको! हात लावायचा नाय!" आणि जरा वेळानं, फार साधेपणानं, विचारलं, "खराब रस्ता म्हनालात ना?"

त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

पुढच्या रविवारपासून दादा पांढरा सदरा घालून टमटमनं वहिनींच्या माहेरी जायला लागले. ते गाव कोंडाणे लेण्यांच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं आधीच दुखावलेली आहेत. जावई दर रविवारी येतो म्हणून वहिनींच्या भावांना पहिल्यांदा आनंद झाला. त्यांनी कोंबडं कापलं. पण दादा टमटममधून उतरलेच नाहीत. गावातल्या शाळेपाशी टमटम वळली, दादा तसेच बसून परत गेले. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. शेवटी वहिनींचा धाकटा भाऊ, बाळू, माझ्याकडे आला. "बाई, आमचं चुकलं तरी काय? दाजी दारावरून जात्यात, पान्याला बी इचारू देत न्हायती. गाव हासतंय आमाला."

मलाही काही कळेना, म्हणून त्या रविवारी मी दादांबरोबर गेले. फाट्यापर्यंत दादा छान गप्पा मारत होते. कांदे, पाहुणे, कुणाच्या सुनेची नोकरी. फाट्यावर टमटम वळली तसे म्हणाले, "आता जरा गप ऱ्हावा," आणि त्यांनी डोळे मिटले.

फाट्यापासून गावापर्यंत रस्ता म्हणून जे काही होतं त्याला रस्ता म्हणणं हा सौजन्याचा भाग झाला. टमटम एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात जात होती. माझा चष्मा दोनदा मांडीवर पडला. शेजारची बाई अंड्यांची पिशवी पोटाशी धरून देवाचं नाव घेत होती. आणि दादा मात्र छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, आदळत आपटत हसत होते. शाळेपाशी टमटम थांबली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. चेहरा उजळलेला.

"आली, बाई."

"कोण आली?"

"धडधड. फाट्यापासनं शेवंताला आठवत आलो, आन् बगा कशी पळतीय. हात लावून बगा."

"दादा," मी म्हटलं, "ते खड्डे आहेत."

"असंल," दादा म्हणाले. "पर आठवन माजीच हाय ना? आन् धडधड बी माज्याच छातीत. दोगी येका टायमाला येत्यात. आनि काय पायजे?"

दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. त्या टमटममध्ये मला ते म्हणवेना. इतकंच नाही, परतीच्या वाटेवर मी स्वतःच डोळे मिटून आमच्या ह्यांना आठवून पाहिलं. ते घरी धडधाकट पेपर वाचत बसले होते, तरी माझी छाती धडधडली. घरी आल्यावर मी त्यांना उगीचच चहा करून दिला. ते दिवसभर माझ्याकडे संशयानं बघत होते.

बाळूला मी काय सांगणार? म्हटलं, दादांना त्या रस्त्यावर बरं वाटतं. तो माझ्याकडेही दादांकडे बघावं तसं बघून गेला.

आणि मग रस्ता मंजूर झाला. फाट्यापासून गावापर्यंत, काँक्रीटचा. ग्रामसभेत पेढे वाटत होते. बातमी ऐकून दादाही येणार म्हणाले होते, म्हणून त्यांना आवरायला बाळूनं मला मुद्दाम नेलं होतं. पण मी आवरायच्या आधीच दादा उठून उभे राहिले होते.

"हरकत हाय," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर लोकांनी हाताला धरून बाहेर काढला असता. पण हा गावचा जावई. सरपंचबाईंनी पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "कशाची हरकत, दाजी?"

दादांनी कारणं दिली. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या भरधाव येतील. कोंबड्या मरतील. आत्ताचा रस्ता ओळखीचा आहे, कुठं काय आहे ते सगळ्यांना पाठ आहे, नवीन रस्त्याचा काय भरवसा? मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "येडं झालं गं शेवंताचं मालक." बाळूनं मान खाली घातली. खरं कारण माझ्या जिभेवर आलं होतं. पण एका माणसाला बायकोची आठवण नीट यावी म्हणून गावानं खड्ड्यांत राहावं, हे उभं राहून कसं सांगायचं? आणि कोणत्या बाजूनं सांगायचं, हेही मला कळत नव्हतं. अंड्यांच्या पिशवीवाली बाई पुढच्याच रांगेत बसली होती.

सरपंचबाई म्हणाल्या, "दाजींचं म्हणणं ऐकून घेतलं." आणि रस्ता झाला.

दादांनी रविवारचं जाणं बंद केलं. पांढरा सदरा खुंटीवरच राहिला. भांडणंही बंद झाली. त्यांच्या दाराला चिकटून कुणीतरी मोटारसायकल लावली तर दादा अंग चोरून बाजूनं गेले. तेव्हा गल्लीला खरी काळजी वाटायला लागली. मी विचारलं, "काय दादा, कळवायचं नाही का आतल्याला?" ते म्हणाले, "काय कळवू? कळवाया काय तरी असाया पायजे ना."

मग वहिनींचं वर्ष आलं. भावांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम माहेरीच ठेवला. बाळू येऊन म्हणाला, "दाजी, या वक्ताला तरी उतरा." दादा नाही म्हणू शकले नाहीत. मुलगा आदल्या दिवशीच तयारीला तिकडे गेला होता, म्हणून मी आणि दादा सकाळी टमटमनं निघालो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "चार लोकांत तिच्याबद्दल बोलाया लागंल. ज्याला काय वाटत नाय त्यानं काय बोलायचं, बाई?"

फाट्यावर टमटम वळली. दादांनी सवयीनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. टमटम नव्या रस्त्यावरून तरंगत चालली होती. काही आदळेना, काही आपटेना. माझा चष्मा नाकावर जागच्या जागी होता.

"नाय वो," थोड्या वेळानं दादा म्हणाले. "काय नाय."

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी संथ लागत होती, एकसारखी. दादांनी डोळे उघडले. धक्के नसल्यामुळे मिटून बसायचं कारणच उरलं नव्हतं. ते बाहेर बघायला लागले. पुढे चढ होता, चढाच्या पायथ्याशी ओढ्यावरची एक जुनी मोरी.

"हितं थांबायची ती," दादा म्हणाले.

"कोण, वहिनी?"

"तवा टमटमी कुटं हुत्या? फाट्यापासनं चालत यायचो. हितं आलं की तिची चप्पल बिगडायची. दर टायमाला हितंच. मोरीवर बसायची, चपलेचा अंगठा वढायची, परत घालायची, परत काडायची. मी वरडायचो, नवी घे ना बाये येक. हासायची." त्यांनी मोरीकडे वळून पाहिलं. "नवी घेतली तरी बिगडायची."

टमटम चढ चढायला लागली.

"मला चढाला दम लागायचा ना," दादा म्हणाले. "तवापासनंच लागत आसंल. डाक्टरला म्हाईत नव्हतं, मला बी म्हाईत नव्हतं. मला वाटायचं, मी हिच्यासाटी थांबतोय."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. माझी बोटं अजून त्यांच्या मनगटावर होती आणि बोटांखाली ठोके पडत होते, जराही घाई न करता. पण दादांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गालांवरून हनुवटीपर्यंत आलं, पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर उतरलं. त्यांना ते बऱ्याच वेळानं जाणवलं. त्यांनी मोकळ्या हाताचं बोट गालावरून फिरवलं आणि बंद पडलेल्या यंत्रातून तेल गळताना बघावं तसं त्या ओल्या बोटाकडे नीट निरखून पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "ह्ये कशावर चालतंय?"

"मला नाही माहीत, दादा," मी म्हटलं.

शाळेपाशी बाळू हात जोडून उभा होता. दादा टमटममधून खाली उतरले.